बोअर असताना भूकंपीय सर्वेक्षण कशाला?

प्रश्न : मी नागपुरात बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. भौतिकशास्त्र, गणित आणि भूविज्ञान हे माझे विषय आहेत. कोळसा खाणींसाठी खडकांचे भूकंपीय सर्वेक्षण करण्याच्या क्षेत्रात जाण्याची इच्छा आहे. बाबा उमरेडकडच्या खुल्या खाणीत डोझर चालवतात. बोअर मारले की सगळे कळते, तेव्हा इथेच भूविज्ञानात एम.एस्सी. कर, असे ते म्हणतात. आईला मुलीने खाणीत काम करण्याचीच काळजी वाटते. मी काय करावे?

उत्तर : बाबांचे म्हणणे निम्मे बरोबर आहे. बोअरमधून निघालेला खडकाचा गाभा हातात घेऊन तपासता येतो आणि त्याला पर्याय नाही. परंतु बोअर त्या एका जागेपुरतेच सांगते. दोन बोअरच्या मधून एखादा प्रस्तरभंग (खडकाचे थर तुटून सरकलेली जागा) गेला असेल, तर तो दोन्हींतून निसटू शकतो आणि भूमिगत खाणीत गॅलरी (बोगदा) पुढे नेताना समोरचा कोळसा एकाएकी संपल्यावरच लक्षात येतो. ही मधली जागा वाचण्याचे काम भूकंपीय लहरी, म्हणजे जमिनीत मुद्दाम निर्माण केलेली कंपने, करतात.

काम दिसायला साधे आहे. शेताच्या बांधालगत सरळ रेषेत जिओफोन (जमिनीची कंपने टिपणारी उपकरणे) रोवतात, जमिनीवर लोखंडी पट्टी ठेवून तिच्यावर घण मारतात आणि पहिली लहर प्रत्येक जिओफोनपर्यंत किती वेळात पोहोचली, हे नोंदवतात; ही अपवर्तन पद्धत. एकाच जागी अनेकदा घण मारून नोंदी एकत्र केल्या जातात, कारण जवळून ट्रक गेला तरी नोंद बिघडते. उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या मातीत जिओफोनचा खिळा घट्ट बसत नाही, ही आपल्याकडची खास डोकेदुखी. सैल मातीत लहरीचा वेग सेकंदाला साधारण 300 ते 700 मीटर असतो, तर ताज्या, कठीण बेसॉल्टमध्ये (काळ्या कातळात) तो 5000 मीटरच्या वर जातो. वेग कमी असेल तर खडक रिपरने (डोझरच्या मागच्या लोखंडी दाताने) उकरता येईल, वाढला तर ब्लास्टिंग लागेल, असा पहिला अंदाज त्यावरून बांधतात. खोल थरांसाठी परावर्तन पद्धत वापरतात, म्हणजे थरावर आदळून परत येणाऱ्या लहरी नोंदवतात. कोळशाची घनता आणि त्यातील लहरींचा वेग आजूबाजूच्या वालुकाश्मापेक्षा कमी असल्यामुळे त्याच्या थरावरून लहरी चांगल्या परततात.

मात्र अपवर्तन पद्धत एके ठिकाणी हमखास फसते. वरचा थर वेगवान आणि खालचा मंद असेल, तर त्या मंद थराची लहर वेगळी ओळखू येत नाही. विदर्भातील काही कोळसाक्षेत्रांत कोळसा असलेल्या गोंडवन खडकांवर दख्खनचा बेसॉल्ट पसरलेला आहे, म्हणजे नेमकी हीच परिस्थिती. यंत्र चालवणे आठवड्याभरात शिकता येते; पडद्यावरच्या आकड्यावर कुठे विश्वास ठेवायचा नाही, हे समजायला मात्र भौतिकशास्त्र आणि गणितच लागते. म्हणूनच तुम्ही हे दोन विषय सोडू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

व्यवहाराची बाजूही तीच आहे. संघ लोकसेवा आयोगाच्या भूवैज्ञानिक परीक्षेत भूभौतिकशास्त्रज्ञाच्या पदासाठी भूभौतिकी किंवा भौतिकशास्त्रातील एम.एस्सी. लागते, केवळ भूविज्ञानाच्या पदवीवर तो दरवाजा बंद राहतो. तेव्हा 'जॅम' ही आयआयटीतील एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा देऊन धनबाद किंवा मुंबई येथील आयआयटीत उपयोजित भूभौतिकीसाठी प्रयत्न करा. शिक्षणासाठी बाहेर गेलात तरी कामासाठी परत येण्याची वाट मोकळी आहे. वेकोलि (वेस्टर्न कोलफील्ड्स), खनिज अन्वेषण महामंडळ (आताचे मिनरल एक्स्प्लोरेशन अँड कन्सल्टन्सी लिमिटेड) आणि भारतीय खाण ब्यूरो यांची मुख्यालये नागपुरातच आहेत, शिवाय कोळसा खाणींचे नियोजन करणाऱ्या सीएमपीडीआयची प्रादेशिक संस्थाही येथे आहे.

आईंना सांगा की यातील बरेचसे काम जमिनीवर आणि संगणकापुढे चालते. शिवाय 2019 पासून तांत्रिक आणि पर्यवेक्षकीय कामांसाठी स्त्रियांना दिवसपाळीत भूमिगत खाणीतही जाता येते.

अर्ज भरण्याआधी एक करा. डोझरचा रिपर कोणत्या बेंचवर (खाणीच्या पायरीवर) अडतो आणि तिथून पुढे ड्रिल मशीन का आणावी लागते, हे बाबांना विचारा आणि त्यांच्याकडून कागदावर काढून घ्या. तो कागद तुमच्या प्राध्यापकांना दाखवून, त्या दोन जागी लहरींचे वेग किती असतील याचा अंदाज स्वतः मांडून पाहा.