लोक अभिरक्षक कार्यालयात रुजू होतोयस म्हणून

गरीब आरोपींचा मोफत बचाव करणारं हे ऑफिस; खासगी केसेस बंद, हे आधी घरी सांगून टाक. रिमांडला आरोपीशी दोन शब्द बोलल्याशिवाय उभा राहू नकोस. अटकेची कारणं लेखी मिळाली का, एवढं तरी विचार. सोलापूरच्या पूर्वभागातल्या आरोपीच्या विडी कामगार आईला तेलुगूच जवळची, मोडकीतोडकी का होईना, शीक. तपासाची ६० किंवा ९० दिवसांची मुदत संपली आणि दोषारोपपत्र नाही? मुदत चुकल्यामुळे हक्कानं मिळणाऱ्या जामिनाचा अर्ज लगेच टाक. तुझ्या अर्जाआधी दोषारोपपत्र आलं तर तो हक्क गेलाच म्हणून समज.

खरा घोळ पुढेच. जामीन मंजूर होतो, पण यंत्रमागावर राबणाऱ्यानं सातबारावाला जामीनदार आणायचा कुठून? पोरगं तसंच जेलमध्ये. माझ्या मते किरकोळ गुन्ह्यात जातमुचलक्यावरच, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्या हमीवर, सोडायला हवं. तोवर जामीनदाराची अट शिथिल करण्याचा अर्ज टाइप करूनच ठेव.