दगडावरचे शेवाळ परत का येते?

प्रश्न : माझ्या २०० लिटरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत प्रवाळ व मासे आहेत. दगडांवरचे केसांसारखे हिरवे शेवाळ ब्रशने घासूनही दहा-बारा दिवसांत परत येते. शेवाळाचे खाद्य असलेले फॉस्फेट मात्र चाचणीत शून्य दिसते. औषध वापरावे का?

उत्तर : त्या शून्यावर विसंबू नका. चाचणीत फक्त पाण्यात विरघळलेले फॉस्फेट कळते. शेवाळाने आधीच शोषून घेतलेले त्यात दिसत नाही. शिवाय कॅल्शियम कार्बोनेटचे दगड फॉस्फेट धरून ठेवतात आणि पाण्यातील प्रमाण उतरले की ते हळूहळू सोडतात, त्यामुळे दगडाला चिकटलेल्या शेवाळाला जागेवरच खाद्य मिळत राहते.

टाकीतच घासल्याने तुटलेले तंतू प्रवाहाबरोबर पसरतात आणि दुसरीकडे रुजतात. दगड सुटा असेल तर टाकीतलेच पाणी भरलेल्या बादलीत तो घेऊन शेवाळ मुळापासून उपटा, मग घासा, खळबळून परत ठेवा आणि बादलीतले पाणी फेकून द्या. दगड हलवता येत नसेल तर पंप बंद करून, सायफनची नळी बोटांजवळ धरून उपटा, म्हणजे तुकडे लगेच बाहेर जातील. हे काम कंटाळवाणे आहे. पण उपटलेल्या शेवाळाबरोबर त्यातले फॉस्फेटही टाकीबाहेर जाते, म्हणून मी त्यालाच सर्वांत जास्त महत्त्व देतो. टर्बो गोगलगायी त्यानंतर सोडा, कारण लांब वाढलेल्या झुपक्यांपेक्षा आखूड कोंब त्या सहज फस्त करतात.

नवे फॉस्फेट आत येऊ नये म्हणून भर घालण्याचे पाणी आरओ-डीआय (विरघळलेले क्षार काढून टाकणाऱ्या) यंत्राचे, टीडीएस म्हणजे विरघळलेल्या घटकांचे प्रमाण शून्य असलेले हवे. गोठवलेले खाद्य धुऊन द्या. मात्र फॉस्फेट शोषक भरमसाट वापरून पाणी निःसत्त्व करू नका. प्रवाळांच्या ऊतींतील सूक्ष्म शैवालांनाही थोडे नायट्रेट-फॉस्फेट लागते, आणि दोन्ही संपले की डायनोफ्लॅजेलेट हे एकपेशीय जीव तपकिरी, चिकट थर करून फोफावू शकतात, ज्यांना हटवणे या शेवाळाहून अवघड असते.

औषधाआधी एक तंतू पाण्यात धरून भिंगातून पाहा. तो पिसासारखा दुतर्फा फुटलेला असेल तर ते ब्रायोप्सिस नावाचे वेगळे हिरवे शेवाळ असू शकते. बहुतेक शाकाहारी प्राणी त्याला तोंड लावत नाहीत, आणि तेथे फ्लुकोनाझोल या बुरशीनाशक औषधाचा उपयोग होतो. तेव्हाही आधी हाताने जितके निघेल तितके काढा, कारण मेलेले शेवाळ टाकीतच कुजले तर त्यातले सारे फॉस्फेट पुन्हा पाण्यात उतरते.