जॅनीचे कपलिंग १८७३ मध्ये आले, मग १९०० पर्यंत ब्रेकमनचे हात का चिरडत राहिले?

रेल्वेच्या कपलिंगबद्दल मला आलेल्या प्रश्नात दोन गोष्टी विचारल्या आहेत. आगगाडीचे डबे आपोआप जोडणाऱ्या कपलिंगचा शोध ईलाय जॅनी यांचा मानायचा की अँड्र्यू बीअर्ड यांचा, ही पहिली. आणि १८७३ मध्ये पेटंट मिळालेले असताना अमेरिकेतील रेल्वे कामगारांना त्याचा लाभ मिळायला शतकाची अखेर का उजाडावी लागली, ही दुसरी. पहिलीचे उत्तर तारखांवरून देता येते आणि ते मी पुढे देतो. अधिक महत्त्वाची मला दुसरी वाटते, कारण कपलिंग ही एकटीने उपयोगी पडणारी वस्तूच नाही. समोरच्या डब्यावर त्याच्याशी जुळणारी जोडणी नसेल, तर उत्तमातले उत्तम कपलिंगही कामगाराला डब्यांच्या मध्ये जाण्यापासून वाचवू शकत नाही.

आधी जुनी पद्धत समजून घ्यावी लागेल. अमेरिकेत १८३० च्या दशकापासून कडी आणि पिनची जोडणी रूढ होती. प्रत्येक वाघिणीच्या, म्हणजे मालडब्याच्या, टोकाला ड्रॉबारवर (ओढीच्या लोखंडी दांड्यावर) एक पोकळ तोंड असे. एका तोंडात लोखंडाची लांबट कडी पिनने अडकवलेली असे, आणि दुसरी वाघीण इंजिनाच्या रेट्याने जवळ येत असताना ब्रेकमन, म्हणजे ब्रेक लावणारा आणि डबे जोडणारा कामगार, दोन्हींच्या मध्ये उभा राहून ती लोंबणारी कडी हाताने उचलून धरी, समोरच्या तोंडात नेमकी घाली, हात मागे घेई आणि तोंडे भिडताच वरून पिन टाकी. हात मागे घ्यायला क्षणाचा उशीर झाला तर बोटे जात, आणि पाय अडखळला तर जीव जाई. वेगवेगळ्या कंपन्यांच्या वाघिणींचे ड्रॉबार एकाच उंचीवर नसत, त्यामुळे कडी वाकडी धरावी लागे किंवा वाकवलेली कडी वापरावी लागे. दोन तोंडे एकमेकांवरून सरकून गेली, तर मधल्या माणसाला जागाच उरत नसे. वाघिणीच्या टोकाबाहेर आलेले लाकडाचे ओंडके किंवा रूळ, रात्रीचा अंधार, बर्फाने गोठलेली पिन, रुळांच्या फटीत अडकलेला बूट, अशी यात कशाचीही भर पडू शकत असे. अनेक कंपन्यांच्या नियमावलीत कडी हाताने न धरता काठीने धरावी असे लिहिलेले असे. पण काठीने काम संथ होई, आणि वेळ गाठण्याची सक्ती तीच कंपनी करीत असे. अपघातानंतर मात्र नियम मोडल्याचा ठपका कामगारावर ठेवायला तो कागद उपयोगी पडे. हा भाग वाचताना मला आजही संताप येतो.

जॅनी हे व्हर्जिनियाचे. यादवी युद्धात ते दक्षिणेच्या सैन्यात होते आणि युद्धानंतर अलेक्झांड्रिया येथे कापडाच्या दुकानात नोकरीला लागले. रेल्वेशी किंवा यंत्रशाळेशी त्यांचा संबंध नव्हता, आणि त्यांनी आपल्या कपलिंगचा नमुना चाकूने लाकूड तासून केला होता. पहिले पेटंट त्यांना १८६८ मध्ये मिळाले, परंतु ज्याच्यावर पुढचे सगळे उभे राहिले ते पेटंट २९ एप्रिल १८७३ चे, क्रमांक १,३८,४०५.

त्याची रचना अशी. दोन्ही हातांची बोटे वाकवून एकमेकांत अडकवली, तर ओढले तरी ती सुटत नाहीत. जॅनींच्या कपलिंगमध्ये दोन डब्यांचे लोखंडी पंजे तसेच एकमेकांत अडकतात. पंज्याचा पुढचा वाकडा भाग, ज्याला आपल्याकडचे रेल्वे कर्मचारीही नकल म्हणतात, एका उभ्या पिनेभोवती फिरतो. जोडण्यापूर्वी दोहोंपैकी किमान एक नकल उघडी ठेवावी लागते. डबे भिडले की समोरच्या पंज्याचा दाब उघड्या नकलेवर पडतो, ती आत फिरते, तिची शेपटी एका ठरावीक जागेपर्यंत जाते आणि वरचे कुलूप स्वतःच्या वजनाने खाली पडून शेपटीला अडवते. आता गाडी कितीही ओढली तरी नकल उघडत नाही, कारण ओढीचा जोर शेपटीमार्फत कुलपावर येतो आणि कुलूप त्या दिशेने हलतच नाही. सोडवताना डब्याच्या बाजूला असलेला दांडा उचलायचा. त्याने कुलूप वर येते आणि इंजिन पुढे गेले की नकल आपोआप उघडते. या सगळ्यात माणसाने दोन डब्यांच्या मध्ये जाण्याचे कारण उरत नाही. धक्का, गुरुत्व आणि आकार यांच्यावर बहुतेक काम सोपवणे, हे मला या रचनेचे सर्वांत मोठे यश वाटते. आज अमेरिकेतील मालगाड्यांवर जे कपलिंग दिसते, त्याचा मूळ विचार हाच आहे.

तरीही ते पसरले नाही, आणि याचे कारण मालवाहतुकीच्या पद्धतीत आहे. प्रवासी डबे बहुधा एकाच कंपनीच्या मार्गावर आणि ठरलेल्या गाडीत फिरत, त्यामुळे तेथे एखादी कंपनी आपल्यापुरता निर्णय घेऊ शकत होती. एझ्रा मिलर यांचा आकडा आणि धक्का झेलणारा बफर असलेला, डब्याच्या टोकाचा प्लॅटफॉर्म १८६० च्या दशकापासून अनेक प्रवासी गाड्यांवर बसला तो यामुळेच, आणि पेनसिल्व्हेनिया रेलरोडने जॅनींचे कपलिंग प्रथम स्वीकारले तेही प्रवासी डब्यांवर. मालाची वाघीण मात्र एका कंपनीच्या यार्डातून निघून चार कंपन्यांच्या रुळांवरून जाई आणि दर ठिकाणी अनोळखी वाघिणींना जोडली जाई. एखाद्या कंपनीने आपल्या सगळ्या वाघिणींवर खर्च करून नवी जोडणी बसवली, तरी शेजारच्या कंपनीची जोडणी वेगळी असल्यामुळे तिच्या कामगारांचा धोका जवळजवळ तसाच राहत असे. देशात दहा लाखांच्या आसपास मालवाघिणी होत्या आणि कपलिंगची पेटंटे हजारोंनी निघाली होती. १८८० च्या दशकात कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्स, मिशिगन यांसारख्या राज्यांनी स्वयंचलित कपलिंगचे कायदे केले, परंतु एकापेक्षा अधिक प्रकारांना मान्यता मिळत गेली आणि ते प्रकार एकमेकांना जोडले जात नसत. हेतू चांगला असूनही त्यामुळे गोंधळात भरच पडली.

हा तिढा सोडवण्याची खरी खटपट मास्टर कार बिल्डर्स असोसिएशन या संस्थेने केली. १८६७ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत निरनिराळ्या कंपन्यांचे डबेबांधणीचे प्रमुख एकत्र येत. तिने १८८५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील बफेलो येथे अनेक कपलिंगांच्या जाहीर चाचण्या घेतल्या आणि १८८७ मध्ये जॅनी प्रकार प्रमाण म्हणून स्वीकारला. येथे एक बारकावा आहे, जो बहुतेक लेखनात सुटतो. संस्थेने संपूर्ण यंत्र प्रमाण ठरवले नाही. तिने प्रमाण ठरवली ती पंजा आणि नकल यांची बाहेरची वक्ररेषा, म्हणजे जेथे एक कपलिंग दुसऱ्याला भिडते तेवढीच. आतले कुलूप कसे असावे, नकल कशी बसवावी, हे प्रत्येक उत्पादकाने आपले पाहावे. आणि त्या वक्ररेषेवरील पेटंटचा हक्क जॅनींकडून सोडून देण्यात आला, म्हणून कोणताही कारखाना तिच्याशी जुळणारे कपलिंग बनवू शकला. माझ्या मते १८७३ इतकाच हा निर्णयही निर्णायक आहे. तो झाला नसता तर प्रत्येक कंपनीने दुसऱ्याच्या पेटंटपासून पळ काढत आपापला आकार चालवला असता.

प्रमाण ठरल्यावरही धोका एकदम कमी झाला नाही, किंबहुना संक्रमणाचा काळ यार्डातल्या माणसासाठी फार वाईट होता. जुन्या वाघिणींशी जोडता यावे म्हणून नव्या नकलेत आडवी खाच आणि उभे भोक ठेवलेले असे. खाचेत जुनी कडी घालायची आणि भोकातून पिन टाकायची. त्यामुळे नकल कमजोर होई, आणि मुख्य म्हणजे नवे कपलिंग असूनही ब्रेकमनला मध्ये जावेच लागे, तेही जुन्या तोंडापेक्षा कितीतरी मोठ्या व अवजड पंज्याशेजारी कडी धरण्यासाठी.

कायद्याच्या बाजूने ज्यांचे नाव घ्यायलाच हवे ते आयोवाचे शेतकरी लोरेंझो कॉफिन. १८७४ मध्ये एका प्रवासात त्यांनी वाघिणी जोडताना ब्रेकमनची बोटे तुटताना पाहिली आणि तेव्हापासून एअर ब्रेक व स्वयंचलित कपलिंग यांच्या सक्तीसाठी ते लिहीत, बोलत आणि अधिकाऱ्यांच्या मागे लागत राहिले. १८८३ मध्ये ते आयोवाचे रेल्वे आयुक्त झाले, १८९० मध्ये त्या राज्यात कायदा झाला, पण राज्याच्या सीमेपाशी थांबणारा कायदा पुरेसा नाही हे त्यांना माहीत होते. राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनीही १८८९ च्या संदेशात काँग्रेसला बजावले होते की, उपयुक्त व आवश्यक काम करणाऱ्या कामगारांच्या जिवाला युद्धातल्या सैनिकाइतका धोका असावा, हा आपल्या सुसंस्कृतपणाला कलंक आहे. अखेर २ मार्च १८९३ रोजी त्यांनी सेफ्टी अप्लायन्स अ‍ॅक्टवर सही केली. धक्क्याने आपोआप जोडले जाणारे आणि माणूस डब्यांच्या टोकांमध्ये न जाता सोडवता येणारे कपलिंग त्याने आंतरराज्यीय वाहतुकीतील वाघिणींना सक्तीचे केले, ड्रॉबारच्या उंचीचे प्रमाण ठरवायला लावले आणि हाताने धरायच्या दांड्या आवश्यक केल्या. कायदा कोणत्याही एका पेटंटचे नाव घेत नाही, हे त्याचे शहाणपण आहे. त्यातले आठवे कलमही तितकेच मोलाचे: कायद्याविरुद्ध असलेली वाघीण कामगाराने माहीत असूनही हाताळली, तरी त्याने तो धोका स्वतःहून पत्करला असे मानले जाणार नाही.

त्या वर्षीची स्थिती किती भीषण होती हे सरकारी आकड्यांवरून कळते. जून १८९३ अखेरच्या एका वर्षात केवळ वाघिणी जोडता-सोडताना ४३३ कर्मचारी मेले आणि ११,२७७ जखमी झाले. असे असताना कंपन्यांना १ जानेवारी १८९८ पर्यंतची मुदत मिळाली, मग ती वाढवून मिळाली, आणि अंतिम तारीख १ ऑगस्ट १९०० ठरली.

त्यानंतर चारच दिवसांनी, ५ ऑगस्ट १९०० रोजी, युटामधील प्रॉमन्टरी येथे जे घडले ते या विषयातले माझ्या दृष्टीने सर्वांत बोलके उदाहरण आहे. पूर्व आणि पश्चिमेकडून आलेले रूळ १८६९ मध्ये जेथे एकमेकांना मिळाले, तेच हे ठिकाण. सदर्न पॅसिफिकच्या जॉन्सन नावाच्या ब्रेकमनला इंजिन एका भोजनडब्याला जोडायचे होते. इंजिनावर जॅनी कपलिंग होते, डब्यावर मिलरचा आकडा होता. दोन्ही स्वतंत्रपणे पाहता स्वयंचलित, पण एकमेकांना आपोआप न जोडली जाणारी. म्हणून त्याने मध्ये जाऊन कडी-पिनने जोडण्याचा प्रयत्न केला, त्यात हात चिरडला आणि मनगटाच्या वरून कापावा लागला. खालच्या न्यायालयांनी कंपनीच्या बाजूने निकाल दिला: इंजिन म्हणजे डबा नव्हे, आणि दोन्हींवर कोणते ना कोणते स्वयंचलित कपलिंग आहे, तेवढे पुरे. १९ डिसेंबर १९०४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा अर्थ फेटाळला. कायद्याचा उद्देश माणसाला डब्यांच्या मध्ये जावे लागू नये हा आहे, तेव्हा कपलिंगे एकमेकांशी आपोआप जुळलीच पाहिजेत, आणि इंजिनही त्यात येते, असे त्याने ठरवले. दरम्यान १९०३ च्या दुरुस्तीने इंजिन आणि टेंडर (इंजिनामागचा कोळसा-पाण्याचा डबा) यांचा कायद्यात स्पष्ट समावेश झालाच होता.

आता बीअर्ड यांच्याबद्दल. अलाबामात गुलामगिरीत जन्मलेल्या या कृष्णवर्णीय संशोधकाला २३ नोव्हेंबर १८९७ रोजी कपलिंगमधील सुधारणेचे पेटंट मिळाले. ते खरे आहे आणि त्यांच्या परिस्थितीत ते असामान्य आहे. परंतु त्याआधी दहा वर्षे जॅनी प्रकार प्रमाण झालेला होता आणि चार वर्षे कायदाही झालेला होता, म्हणून पहिले स्वयंचलित कपलिंग त्यांचे, हे विधान टिकत नाही. बीअर्ड यांच्या खऱ्या कामाचा मान राखायचा तर त्यांच्या नावावर दुसऱ्याचे काम चढवण्याची गरज नाही.

सगळ्या वाघिणी एकाच वेळी बदलता आल्या असत्या का, असा उपप्रश्न येथे सहज उभा राहतो. जपानने ते करून दाखवले. तेथे वर्षानुवर्षे तयारी करून, नवे भाग आधीच वाघिणींबरोबर वागवून, १७ जुलै १९२५ रोजी होन्शू बेटावरील आणि २० जुलैला क्यूशूमधील गाड्यांचे कपलिंग बदलण्यात आले. मात्र तेथील मुख्य जाळे सरकारी मालकीचे होते. अमेरिकेत शेकडो खासगी कंपन्या होत्या, आणि त्यांना एका तारखेवर आणणारी सत्ता १८९३ पूर्वी कोणाकडेच नव्हती.

आपल्याकडे हा विषय अजून जुना झालेला नाही. भारतीय रेल्वेच्या प्रवासी डब्यांवर दीर्घकाळ दोन बाजूंना बफर आणि मध्ये हाताने आवळायचे स्क्रू कपलिंग राहिले, ज्यात डबे जोडणाऱ्या पॉइंट्समनला बफरांखालून वाकून आत शिरावे लागते. ब्रॉडगेजच्या मालवाघिणींवर मात्र सेंटर बफर कपलर, म्हणजे नकलेचेच स्वयंचलित कपलिंग, आले, आणि २००० नंतर आलेल्या, जर्मन रचनेच्या एलएचबी प्रवासी डब्यांवरही तेच असते. दोन्ही प्रकारच्या डब्यांना जोडता यावे म्हणून इंजिनांवर ट्रान्झिशन कपलर ठेवतात, ज्यात सेंटर बफर कपलरवरच स्क्रू कपलिंग अडकवण्याची सोय असते. खाच असलेल्या त्या अमेरिकी नकलेमागचाच हा विचार आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये बिहारमधील बरौनी स्थानकावर इंजिन सोडवत असताना एक कर्मचारी इंजिन आणि डबा यांच्यामध्ये चिरडून मरण पावला. नकल स्वतः जुळते, पण ब्रेकच्या हवेच्या नळ्या आपल्याकडे अजूनही माणूस आत जाऊन हातांनीच जोडतो आणि सोडवतो, त्यामुळे तो बाहेर येऊन इशारा देईपर्यंत इंजिन न हलवण्याच्या शिस्तीवर त्याचा जीव अवलंबून राहतो. युरोपात सध्या मालगाड्यांसाठी ज्या डिजिटल स्वयंचलित कपलिंगच्या चाचण्या चालू आहेत, त्यात वाघिणींबरोबर हवेच्या नळ्या आणि विजेच्या तारासुद्धा त्याच एका धक्क्यात जोडल्या जातात.