'डंपिंग'ला मराठीत काय म्हणायचं? आणि 'अन्याय्य किंमत' का नको

औंधच्या एका ताईंचा प्रश्न आलाय. त्या भाषांतराची कामं करतात आणि त्यांच्याकडे एक इंग्रजी कागद आलाय, परदेशातून येणारा बेकरीचा माल अन्यायाने ठरवलेल्या किमतीला किंवा तिकडच्या सरकारच्या पैशावर इथे विकला जातोय का याच्या चौकशीबद्दलचा. त्यांनी मथळा केलाय तो असा: 'अन्याय्य किमतीच्या वा अनुदानित भाजलेल्या वस्तूंच्या आयातीचे अन्वेषण'. हे वाचून त्यांचं त्यांनाच समाधान होईना, म्हणून विचारतायत की डंपिंगला नेमका मराठी शब्द कोणता, आणि डंपिंग आणि सबसिडी म्हणजे एकच भानगड का.

ताई, आधी सोपं ते उरकू. 'भाजलेल्या वस्तू' काढाच. आपण शेंगदाणे भाजतो, वांगं भाजतो, रवा भाजतो, आणि पाव भाजला म्हटलं की तव्यावर लोणी सोडून खरपूस केलेला पाव डोळ्यासमोर येतो, भट्टीतून निघालेली लादी नाही येत. आपल्याकडे खारी, टोस्ट, नानकटाई, केक, बिस्किटं या सगळ्याला मिळून 'बेकरीचा माल' म्हणतात, दुकानदारही म्हणतो आणि गिऱ्हाईकही म्हणतं, तेच लिहा. कस्टम्सच्या वर्गीकरणातसुद्धा हे सगळं १९०५ या एकाच शीर्षकाखाली येतं, पाव, पेस्ट्री, केक, बिस्किटं, वेफर, टोस्ट, सगळं.

आता 'अन्याय्य किंमत'. माझा खरा आक्षेप इथे आहे. मराठी कानाला अन्याय्य किंमत, अवाजवी किंमत, गैरवाजवी भाव यातलं काहीही ऐकलं की भाव जास्त लावलाय असंच वाटतं. रिक्षावाल्याने अवाजवी भाडं मागितलं म्हणजे जास्तच मागितलं, कमी मागितलं असं स्वप्नातही कुणाच्या मनात येणार नाही. तुमच्या कागदातली तक्रार बरोबर उलटी आहे, भाव कमी लावल्याची. तुमचा मथळा वाचून निम्मे लोक समजतील की परदेशी बिस्किटं फार महाग विकतात म्हणून चौकशी लागली. अनुवाद शब्दाला शब्द बरोबर आणि अर्थ पार उलट, असं झालंय ते.

मी बरीच वर्षं भवानी पेठेत एका घाऊक दुकानात हिशेब लिहायचो, बिस्किटं, गोळ्या, शेवया असा माल असायचा. तिथे भाव कमी लावण्याला किती शब्द होते! पडेल भाव, भाव तोडला, मातीमोल विकला, आणि एकदम खूप माल आला की 'बाजारात माल ओतला'. एकदा दिवाळीच्या तोंडावर परदेशी बिस्किटांचे पत्र्याचे डबे इतक्या कमी भावात आले की आमच्या नेहमीच्या बेकरीवाल्यांचा माल तसाच पडून राहिला, त्यातल्या एकाने येऊन डोळ्यात पाणी आणून सांगितलं की एवढ्यात तर माझा मैदा आणि तूपसुद्धा निघत नाही. सगळी पेठ म्हणत होती डंपिंग डंपिंग. पण ते डबे त्यांच्या स्वतःच्या देशात केवढ्याला विकले जातात हे एकालाही माहीत नव्हतं, आणि डंपिंग आहे का नाही हे तर त्याच एका आकड्यावर ठरतं.

कारण डंपिंगचा कायद्यातला अर्थ 'स्वस्त विकणं' हा नाहीच. कारखानदार स्वतःच्या देशात ज्या भावाने विकतो त्याहून कमी भावाने तो परदेशात पाठवतो, ते डंपिंग. समजा एक डबा तिकडे कारखान्याच्या दारात १०० रुपयांना जातो आणि तोच आपल्याकडे ७० ला धाडला, तर फरक ३० चा, आणि तो निर्यातीच्या भावावर मोजतात, म्हणजे ७० वर ३०, साधारण ४३ टक्के. हा फरक २ टक्क्यांच्या आत असेल तर प्रकरण तिथेच बंद. आणि समजा त्याने तिकडेही ७० लाच विकला आणि इकडेही ७० लाच, तर आपला बेकरीवाला बुडाला तरी ते डंपिंग नाही, फक्त एक बारकावा आहे, तिकडची विक्रीसुद्धा तोट्यातच चालू असेल तर तो भाव धरत नाहीत, उत्पादनाचा खर्च, वरखर्च आणि रास्त नफा अशी बेरीज करून भाव बांधतात. आमच्या पेठेतला प्रश्न असायचा 'माल पडला केवढ्याला?', तोच हा प्रश्न, फक्त समोरच्याच्या घरात जाऊन विचारलेला.

आणि पुण्यात या शब्दाने आणखी एक घोटाळा होतो. आपल्याला डंपिंग म्हटलं की उरुळी देवाचीचा कचरा डेपो आठवतो, डंपर आठवतो, त्यामुळे डंप केलेली बिस्किटं म्हणजे खराब, एक्सपायरी गेलेली, तिकडे कुणी खात नाही म्हणून इकडे ढकललेली असा समज होतो. मालाच्या दर्जाशी याचा काडीचा संबंध नाही, उत्तम ताजा माल डंप केलेला असू शकतो.

मराठी शब्द काढणाऱ्यांनीही त्या टाकण्याचंच चित्र उचललंय बघा. अर्थशास्त्राच्या मराठी पुस्तकांत 'अवपुंजन' आहे, पुंज म्हणजे ढीग, आपला पुंजका त्यातलाच, म्हणजे खाली ढीग ओतणं. हिंदीत 'राशिपातन', तेच चित्र, पण मराठी माणसाला रास म्हटलं की खळ्यावरची धान्याची रास, तिची पूजा होते, ती कुणी 'पाडत' नाही. दिल्लीच्या राजपत्रात 'पाटनरोधी शुल्क' असतं, हिंदीत पाटना म्हणजे खड्डा भरून काढणं, बाजार मालाने पाटून टाकला असं ते लोक बोलतात, म्हणून त्यांच्या भाषेत तो शब्द जिवंत आहे. आपल्याकडे मात्र पाटन वाचलं की साताऱ्याकडचं पाटण, नाहीतर शेताचा पाट. तिन्ही शब्दांत ढीग आहे, भावातला फरक एकातही नाही. म्हणून माझं मत, 'डंपिंग' तसाच ठेवा, आता तो पारिभाषिक शब्द झालाय आणि वर्तमानपत्रांनी रुळवलाय, त्यावर उपाय म्हणून आयातीवर जे शुल्क लावतात त्याला 'डंपिंगविरोधी शुल्क' म्हणा, आणि पहिल्यांदा येईल तिथे सोबत समजावून लिहा, 'स्वतःच्या देशातल्यापेक्षा पडेल भावाने परदेशात विकणे'. 'भाव पाडणे' मी मुद्दाम टाळतोय, कारण भाव पाडतो तो बहुतेक वेळा घेणारा, कांद्याचे भाव व्यापारी पाडतात असं आपण म्हणतो, आणि इथे तर विकणाराच कमी घेतोय.

आता सबसिडी. ही वेगळी गोष्ट आहे आणि मथळ्यात 'वा' घालून दोन्ही एका दमात म्हटल्यामुळे तुमचा गोंधळ झालाय. डंपिंग कारखानदार करतो, सबसिडी सरकार देतं. तिकडच्या सरकारने बिस्किटांच्या कारखान्यांनाच तेवढा स्वस्तात मैदा दिला, करात सूट दिली, तर तो दोन्हीकडे ६० ला विकूनही खुशाल नफ्यात राहील, हे डंपिंग नाही, ही अनुदानित आयात. आणि अनुदान ठरावीक उद्योगाला किंवा निर्यातीसाठी दिलेलं असेल तरच कारवाई, रस्ते सगळ्यांसाठी बांधले त्याला कुणी सबसिडी धरत नाही. पुन्हा, सबसिडीची चौकशी सुरू करायच्या आधी त्या देशाच्या सरकारला बोलणी करायला बोलवावं लागतं, डंपिंगमध्ये तसं नाही, कारण तिथे आरोप सरकारवर नसतोच. आपल्या १९७५ च्या सीमाशुल्क दर कायद्यातही कलमं वेगळी, सबसिडीचं ९ आणि डंपिंगचं ९अ. अमेरिकेने १९९६ मध्ये इटली आणि तुर्कस्तानच्या पास्त्यावर दोन्ही शुल्कं लावली, पण दोन्हीचे हिशेब वेगळे.

सबसिडीचा फायदा भरून काढायला आयातीवर लावतात त्या शुल्काला, इंग्रजीत 'काउंटरव्हेलिंग ड्युटी', हिंदीत 'प्रतिसंतुलनकारी' किंवा 'प्रतिकारी' म्हणतात. प्रतिकारी ऐकलं की रोगप्रतिकारक डोक्यात येतं, आणि दुसरा तर उच्चारतानाच धाप लागते. इथे मात्र आपल्याकडे एक अस्सल शब्द पडून आहे, पासंग. तराजूचं एक पारडं हलकं असलं की दांडी सरळ करायला त्यात जो बारीक खडा किंवा वजन टाकतात तो पासंग. मूळ फारसी, त्यातल्या संगचा अर्थ दगड, आणि आता आपल्याला तो 'त्याच्या पासंगालाही पुरणार नाही' एवढ्यातच भेटतो. तिकडच्या सरकारने एका पारड्यात जेवढं टाकलं तेवढंच आपण दुसऱ्यात टाकायचं, हेच तर हे शुल्क करतं. 'पासंग शुल्क' लिहून बघा, मला फार मनापासून आवडलेला शब्द आहे हा. सरकारी कागद असेल आणि चालणार नसेल तर 'समतोल शुल्क'. पण नुसतं 'सीव्हीडी' हे त्या इंग्रजी नावाचं लघुरूप लिहू नका, जुने अकाउंटंट फसतील, कारण १ जुलै २०१७ ला जीएसटी येईपर्यंत आयातीच्या कागदांवर आम्ही ज्याला सीव्हीडी म्हणायचो ती इथल्या एक्साइजच्या बरोबरीची, कलम ३ खालची ड्युटी होती, सबसिडीशी तिचा काही संबंध नव्हता.

'अन्वेषण'ही नको. 'तपास' पोलिसांचा. 'चौकशी' बरोबर आहे, कारण खिडकीवर जाऊन करतो तीही चौकशी आणि कागद मागवून करतात तीही चौकशी, आणि डंपिंग हा मुळात गुन्हाच नाही. गॅट या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या सहाव्या कलमात डंपिंग निषेधार्ह धरलंय ते त्याने इथल्या उद्योगाचं भरीव नुकसान होत असेल, व्हायची भीती असेल किंवा नवा उद्योग उभा राहायला भरीव खीळ बसत असेल तरच. म्हणून भावातला फरक, नुकसान आणि त्या दोहोंतला संबंध, तिन्ही दाखवावं लागतं. आपल्याकडे हे काम २०१८ पासून वाणिज्य मंत्रालयाखालचं व्यापार उपाय महासंचालनालय करतं, पण ते फक्त शिफारस करतं, शुल्क लावतं अर्थ मंत्रालय, आणि ते मुदत वाढवली नाही तर ५ वर्षांनी संपतं. त्या मुदतीच्या आढाव्याला, म्हणजे इंग्रजीतल्या 'सनसेट रिव्ह्यू'ला, कुणी 'सूर्यास्त आढावा' केलेला दिसला तर कृपया खोडा, 'मुदतअखेर आढावा' लिहा.

तुमच्या कागदात 'देशी उद्योग' हा शब्द पुन्हा पुन्हा येईल, तो जपून वापरा, कारण त्याला आकडा चिकटलेला आहे. चौकशीसाठी केलेल्या अर्जाला पाठिंबा देणाऱ्या उत्पादकांचं उत्पादन देशाच्या एकूण उत्पादनाच्या निदान २५ टक्के हवं, आणि जे बाजूने किंवा विरुद्ध बोलले त्यांच्यात निम्म्याहून जास्त. कॅम्पातल्या आणि पेठांतल्या सगळ्या भट्ट्या एक झाल्या तरी देशाच्या २५ टक्क्यांच्या जवळपास जाणार नाहीत, आमच्या त्या बेकरीवाल्याचं नुकसान अगदी खरं होतं पण तो एकटा या अर्थाने 'देशी उद्योग' नव्हता, आणि हे मला आजही लागतं. तसंच 'समान वस्तू'. श्रूजबेरी नाव इंग्लंडमधल्या गावाचं आणि बिस्कीट आता पुण्याचं, तर तिकडून आलेलं बटर कुकी तिच्यासारखं धरायचं का नाही, यावर चौकशीत पानंच्या पानं खर्ची पडू शकतात, तेव्हा 'समान'च्या जागी 'सारखी', 'तशीच', 'तत्सम' असे शब्द आलटूनपालटून वापरू नका, एकच ठेवा.

मथळा मी असा करेन: 'बेकरी मालाचे डंपिंग आणि अनुदानित आयात यांची चौकशी'. कागद डंपिंगचा का सबसिडीचा, का दोन्हीचा, ते आत बघून घ्या, एकाचाच असेल तर दुसरा शब्द मथळ्यातून काढा.