अनोळखी लोकांना स्वतःची ओळख करून देताना आवडीनिवडी काय सांगाव्यात?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही दापोलीचे, चार नवीन लोकांत ओळख करून द्यायची वेळ आली की "वाचन, संगीत, प्रवास, निसर्ग" म्हणून मोकळे होता आणि नंतर ते तुमचं तुम्हालाच खोटं वाटतं. खोटं नाहीये ते, बिनकामाचं आहे. समोरच्याला त्यावर पुढे काय विचारायचं तेच सुचत नाही, तो "अरे वा" म्हणतो आणि चहाकडे वळतो.

मी लिहायला बसले कारण माझी ओळख वर्षानुवर्षं दुसरेच करून देत आलेत. माझं सासर पूर्णगडच्या खाडीवर. मोठे भावजी मुंबईला असतात, दर गणपतीला येतात आणि बरोबर ऑफिसातलं कुणी ना कुणी असतंच कोकण बघायला आलेलं. मी चहा घेऊन ओटीवर गेले की ठरलेलं वाक्य, "ही धाकट्याची बायको, गावीच असते, घर बघते." झालं. पाहुणे मान डोलावतात, मी कप ठेवते.

एका वर्षी त्यांच्या ऑफिसातल्या एक मॅडम आल्या होत्या पुण्याच्या, त्यांनी मला सरळ विचारलं, तुम्हाला कशाची आवड आहे हो? मी तोंड उघडायच्या आत भावजी म्हणाले, "तिला कसली आवड, मोदक फर्स्ट क्लास करते, संध्याकाळी कळेलच तुम्हाला." मी म्हटलं, मला पाण्याच्या वेळा बघायला आवडतात. मॅडम बिचाऱ्या म्हणाल्या, "का, तुमच्याकडे पण पाणी दिवसाआड येतं का?" सगळे हसले, भावजी जरा जास्तच हसले. मग मी ट्रे खाली ठेवला आणि बसलेच तिथे.

आता हे सांगायला हवं की माझं माहेर जयगडच्या खाडीवरचं, लहानपणी आजीबरोबर ओहोटीला मुळे, म्हणजे खायचे शिंपले, काढायला जायचे, आजी घड्याळ बघायची नाही, तिथी विचारायची आणि बोटांवर काहीतरी मोजून "अजून तास आहे" म्हणायची. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ, एवढंच होतं ते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, दुपारी तेवढे आणि पहाटेही साधारण तेवढेच. रोज पाऊण तास आणि वर थोडं पुढे. हे अख्ख्या किनाऱ्याला माहीत आहे, त्यात माझं काही नाही. माझं एवढंच की सासरी आल्यावर मी ते ताडून बघायला लागले. धक्क्याच्या कितव्या पायरीपर्यंत पाणी चढलं ते कालनिर्णयच्या त्या त्या चौकोनात लिहिते, दुधाच्या हिशोबाशेजारी. जुनी कालनिर्णयं टाकू देत नाही, त्यावरून घरात वेगळी भांडणं. पण त्यातून दिसतं ना, की पावसाळ्यात दिवसाची भरती मोठी असते आणि थंडीत रात्रीची, की वारा किनाऱ्याकडे जोरात असला की पाणी हिशोबापेक्षा एक पायरी वर येतं, की खाडीत आत आत जावं तशी भरती उशिरा होत जाते. मुंबईला अपोलो बंदरावर 1878 पासून यंत्र लावून हेच मोजतात. तिथे ते शास्त्र, आणि मी केलं की रिकामपणाचे उद्योग.

हे सगळं मी त्या मॅडमना सांगितलं. त्यांनी भिंतीवरचं कालनिर्णय काढून मांडीवर घेतलं आणि विचारत सुटल्या, अमावास्येला काय, मग अष्टमीला पाणी कमी का चढतं, भांगाची भरती म्हणतात ती हीच का, आणि तुम्ही पाऊस असला तरी जाता का धक्क्यावर. त्यांचं त्यांनाच कळलं की गौरीविसर्जन अष्टमीला आहे, आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती पूर्ण आणि तीही भांगाची. भावजींनी आरती वगैरे आटपून साडेसातला निघायचं ठरवलं होतं, दरवर्षी तेच ठरवतात आणि दरवर्षी माझे यजमान आणि पुतणे पाट धरून पोटरीभर चिखलात उतरतात. मॅडम भावजींना म्हणाल्या, "सर, पाचलाच निघूया ना मग." त्या वर्षी पाचला निघालो.

रात्री भावजी यजमानांना म्हणाले, मला ऐकू येईल असं, पाहुण्यांसमोर एवढं बोलायची काय गरज होती, आणि ही काय आवड आहे का, हे तर कोळ्याच्या पोरालाही ठाऊक असतं. असतं की! माझ्यापेक्षा दसपट ठाऊक असतं. म्हणून मला आवडायचं बंद व्हावं का? आवड म्हणजे दुसऱ्या कुणाला येत नाही अशी गोष्ट, असं कुणी ठरवलं? भावजी स्वतः सगळ्यांना ट्रेकिंग सांगतात. शेवटचे चढले ते लग्नाआधी, हे जाऊबाईंकडून समजलेलं आहे.

तर तुमचं. आवडीचं नाव सांगू नका, त्या आवडीपायी तुम्ही काय करता ते एक सांगा. दापोलीचे आहात, हर्णै जवळ आहे, संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव असतो, तिथे घ्यायचं काही नसताना उभे राहत असाल तर ते सांगा, "प्रवास" सांगू नका. वाचन असेल तर कुठलं पुस्तक दोनदा वाचलंत ते सांगा. संगीत म्हणजे एसटीत खिडकीशी बसून कानात गाणी, तर ते गाळाच, ते सगळेच करतात. निसर्ग कुणाला आवडत नाही? आणि एकच आवड सांगा, फार तर दोन. चौथ्या आवडीपर्यंत कुणी ऐकत नाही.

गाव आणि आडनाव नंतर सांगा, हे माझं स्पष्ट मत. आपल्याकडे आडनाव कळलं की लगेच "म्हणजे वरच्या वाडीतले का, तुमचे आजोबा पोस्टात होते ना" सुरू होतं आणि मग तुम्ही तिथे नसताच, आजोबा असतात. आणि घरात तुमच्या आधी बोलणारं कुणी असेल तर त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत सुरू करा. उद्धट दिसेल. दिसू दे. भावजी अजून मॅडमचा विषय निघाला की पान लावायला घेतात.

बाकी नोकरीच्या मुलाखतीला यातलं काही करू नका, तिथे विचारतात त्याचं उत्तर द्यावं आणि गप्प बसावं. लग्नाच्या स्थळाला मात्र जरूर सांगा, माझ्या यजमानांना मी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं आणि ते म्हणाले आमच्याकडे धक्का आहे. आणि पाऊणपटीवर विसंबून कुणी पोहायला किंवा कड्याखालून चालत जायला निघू नका, तिथी भलत्या वेळेला बदलते, अर्धा-पाऊण तासाचा फरक सहज पडतो. सर्व्हे ऑफ इंडियाची भरती-ओहोटीची कोष्टकं मिळतात, ती बघा.