होलोकॉस्टमधून, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नाझींनी केलेल्या ज्यूंच्या कत्तलीतून, वाचलेले लोक आता फार उरले नाहीत. ते गेल्यावर नुसती संग्रहालयं ही आठवण कशी टिकवणार?

तुमच्या प्रश्नातला 'नुसती' हा शब्द महत्त्वाचा आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते. मी शिकागोच्या एका उपनगरात राहते. जवळच स्कोकी नावाचं गाव आहे. तिथलं इलिनॉय होलोकॉस्ट म्युझियम मी दोनदा पाहिलं. एकदा नवऱ्याबरोबर, आणि दुसऱ्यांदा मुलाच्या आठवीच्या सहलीत, बरोबर यायला पालक हवे होते म्हणून. तिथे इमारत सगळ्यात शेवटी आली. आधी माणसं बोलायला लागली.

युद्धानंतर छळछावण्यांतून वाचलेले हजारो ज्यू स्कोकीत येऊन राहिले. नोकऱ्या धरल्या, घरं घेतली, मुलं वाढवली. पण कित्येकांनी घरात त्या दिवसांबद्दल चकार शब्द काढला नव्हता. सांगणार कुणाला आणि कुठल्या तोंडाने? मग 1977 साली हिटलरचे विचार मानणाऱ्या एका नवनाझी टोळक्याने जाहीर केलं, की नाझी गणवेशात आम्ही याच गावात मोर्चा आणणार. मुद्दाम याच गावात. पुढाऱ्यांचा आधीचा सल्ला होता, लक्ष देऊ नका, येतील आणि जातील. वाचलेल्यांनी तो साफ धुडकावला. एकदा गप्प बसून काय झालं ते त्यांनी पाहिलं होतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, भाषणस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर टोळक्याला परवानगी मिळाली, पण मोर्चा स्कोकीत शेवटपर्यंत आला नाही.

त्यातून 1981 मध्ये या लोकांनी संस्था काढली आणि मेन स्ट्रीटवर दुकानाच्या एका गाळ्यात छोटं संग्रहालय थाटलं. तिथून ते शाळाशाळांत जाऊन बोलू लागले. 1990 साली इलिनॉयने शाळांत होलोकॉस्ट शिकवणं कायद्याने सक्तीचं केलं, असं करणारं हे अमेरिकेतलं पहिलं राज्य, आणि त्यामागे याच मंडळींचा रेटा होता. आजची मोठी इमारत 2009 ची. अंधाऱ्या बाजूने आत शिरायचं, उजेडाच्या बाजूने बाहेर पडायचं, अशी तिची रचना आहे. आत माणसं कोंबून नेत त्या प्रकारचा जुना जर्मन मालगाडीचा डबा आहे. त्याच्यासमोर आठवीतली दंगेखोर पोरंसुद्धा आपोआप गप्प झाली.

आता तुमचा खरा प्रश्न, साक्षीदार गेल्यावर काय? या संग्रहालयाने 2017 मध्ये एक वेगळं थिएटर उघडलं. मंचावर वाचलेल्या व्यक्तीची त्रिमितीसारखी दिसणारी प्रतिमा खुर्चीत बसलेली असते. तुम्ही प्रश्न विचारायचा, ती उत्तर देते. मला हे ऐकूनच कसंसं झालं होतं. गेलेल्या माणसाला असं बोलतं ठेवायचं म्हणजे काय! पण ती उत्तरं यंत्राने रचलेली नाहीत. त्या व्यक्तीला जिवंतपणी, भोवती कॅमेरे लावून, कित्येक दिवस शेकडो प्रश्न विचारले होते. यंत्र फक्त तुमच्या प्रश्नाला जुळणारं खरं उत्तर शोधून दाखवतं. हे कळल्यावर माझी अढी गेली.

आमच्या वेळी मंचावर फ्रिट्झी फ्रिट्झशॉल यांची प्रतिमा होती. त्या बरीच वर्षं या संग्रहालयाच्या अध्यक्ष होत्या, 2021 मध्ये गेल्या. कोवळ्या वयात ऑशविट्झच्या छळछावणीत पोचलेल्या. पुढे एका कारखान्यात वेठबिगारीला लावलेल्या सहाशे बायकांत त्या सगळ्यात लहान. माझ्या पुढच्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला आणि चाचरत विचारलं, "तुम्हाला खायला काय मिळायचं?" उत्तरात पावाची गोष्ट आली. त्या बाकीच्या 599 बायका आपल्या वाट्याच्या पावातला कण कण या पोरीला द्यायच्या. स्वतः उपाशी असून. बदल्यात एकच वचन घेतलं, वाचलीस तर आमच्याबद्दल जगाला सांग. फ्रिट्झींनी ते पुढची कित्येक दशकं पाळलं, आणि गेल्यानंतरही पाळतायत.

अर्थात पडदा उलटा प्रश्न विचारत नाही, पोरांच्या चेहऱ्याकडे बघून थांबत नाही. ते काम आमच्याबरोबर फिरणाऱ्या स्वयंसेवक आजोबांनी केलं. त्यांचे स्वतःचे आईवडील वाचलेले. एका फोटोपाशी ते थांबले, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "माझी आई मला हे पंचेचाळीस वर्षांची झाल्यावर पहिल्यांदा बोलली." मग जे तिने सांगितलं ते त्यांनी सांगितलं. माझ्या मते आठवण टिकते ती इथे. मारल्या गेलेल्या ज्यूंचा 60 लाख हा आकडा कुणाच्याच डोक्यात मावत नाही, एका बाईच्या तळहातावरचा पावाचा तुकडा मावतो. आणि तो पुढे द्यायला कुणीतरी दर आठवड्याला येऊन उभं राहावं लागतं, फुकट, न कंटाळता. वाचलेल्यांची मुलं-नातवंडं येतात, ज्यांचा या इतिहासाशी रक्ताचा संबंध नाही असेही लोक येतात. मीही स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणासाठी नाव दिलंय.

परतताना बसमध्ये मुलगा बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत होता. मग मला म्हणाला, "आई, आमच्या शाळेत एकूण मुलं किती गं?"

"असतील सहाशेच्या आसपास."

त्याने मान वळवून मागच्या सीटपर्यंत सगळ्या बसवर एकदा नजर फिरवली.