जुन्या पद्मिनीचे जुने टायर चालतील का?

प्रश्न असा आहे: 'आजोबांची १९७५ची प्रीमियर पद्मिनी शेडमध्ये उभी आहे. टायर त्यांनीच घातलेले, पण नक्षी जवळजवळ नवी आहे. असे टायर चालवणं सुरक्षित आहे का? की हल्लीच्या गाड्यांना असतात तसले रेडियल टाकू?'

नाही. बदला. नक्षीचं कौतुक सांगू नका, त्या नक्षीनेच आमच्या घरात दोन भावांचं बोलणं बंद केलं होतं.

वाईला बाबांचा दवाखाना होता आणि व्हिजिटला जायला फियाट, म्हणजे हीच पद्मिनी. ते गेल्यावर गाडी दादाकडे आली. दादा ती पुसतो, पॉलिश करतो, रविवारी सुरू करून पाच मिनिटं घुर्रर्र करतो आणि परत ताडपत्री. टायर बाबांनी घातलेले, म्हणून त्यांना हात लावायचा नाही. मी विषय काढला की अंगठ्याच्या नखाने खाच दाखवायचा, "बघ किती खोल आहे! कायद्याने दीड मिलिमीटर लागते." (१.६ लागते, पण ते असो.) त्याच खाचेच्या तळाशी केसासारख्या बारीक चिरा होत्या, त्या त्याला कधी दिसल्या नाहीत. बाबा एक्स्पायरी उलटलेली गोळी कंपाउंडरला गटारात टाकायला लावायचे, आणि त्यांच्याच आठवणीसाठी हा एक्स्पायरी उलटलेले टायर जपत होता.

माझ्या मुलीचं लग्न साताऱ्याला होतं. दादाने जाहीर केलं, नवरी आजोबांच्या गाडीतूनच जाणार. मी टायरचं बोललो तर वहिनी म्हणाली, "भाऊजी, शुभकार्याला निघताना असलं बोलू नये." मे महिना, दुपार. मी मागच्या गाडीत होतो. पाचवडला हायवेला लागल्यावर फियाटचं मागचं डावं चाक उड्या मारल्यासारखं दिसायला लागलं. मी फोन केला, दादा म्हणाला, "रस्ता खराब आहे." रस्ता ताटासारखा होता. आनेवाडी टोलनाक्याच्या अलीकडे टायरच्या वरच्या रबराचा हातभर लांब पट्टा सुटला आणि मडगार्डवर आतून धपाधप आपटायला लागला. हवा तेव्हाही होती! ट्यूब फुटली ती त्यानंतर. गाडी डावी-उजवी झाली. दादाने ब्रेक दाबला नाही, तेवढं मात्र मानतो, हळूहळू कडेला घेतली.

उतरून बघितलं तर मडगार्डचा पत्रा वर वळलेला आणि टायरवर नक्षीच्या जागी नायलॉनचे दोरे, पोत्याची शिवण उसवावी तसे. सुटलेला पट्टा मी हातात घेऊन दुमडला, तर पापडासारखा मोडला. बरं, स्टेपनी काढली तर तीही त्याच वयाची, डिकीतून कधी जमिनीवरही न टेकलेली, आणि तिच्या बाजूलाही चिरा. नवरी एका पाहुण्यांच्या वॅगनआरमध्ये शालू सावरत बसली. दादा आजतागायत म्हणतो की पंक्चरवाल्याने हवा जास्त भरली होती. घरून निघण्याआधी हवा मी स्वतः गेज लावून बघितली होती.

टायर नुसता झिजून मरत नाही. हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन रबराला कडक करत राहतात, गाडी उभी असली तरी, आणि आत दाबून भरलेली हवा तेच काम आतून करते. रबरात एक मेण घातलेलं असतं, ते पृष्ठभागावर येऊन ओझोन अडवतं. पण ते नीट वर येत राहतं चाक फिरताना, रबर दबलं-उठलं की. म्हणून वर्षभर ताडपत्रीखाली ठेवलेला टायर रोज पळणाऱ्यापेक्षा लवकर चिरू शकतो. 'गाडी फार फिरलेली नाही' हे तुमच्या बाजूचं कारणच नाही.

दादासारख्यांना मी इंग्लंडचं उदाहरण देतो. सप्टेंबर २०१२मध्ये सरे परगण्यात संगीत महोत्सवाहून परतणाऱ्या एका बसचा पुढचा टायर फुटला, तिघं गेले. टायरची नक्षी नियमात बसत होती, वय एकोणीस वर्षांच्या वर. त्यात गेलेल्या एका मुलाच्या आईने वर्षानुवर्षं लावून धरलं, तेव्हा १ फेब्रुवारी २०२१पासून तिथे बस-ट्रकच्या पुढच्या चाकांना दहा वर्षांवरचा टायर बंद झाला. खाजगी गाडीला तो नियम नाही, पण रबर तेच.

वय बघायला टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणारी ओळ शोधा. शेवटचे चार आकडे २३१९ असतील तर २०१९चा तेविसावा आठवडा. तीनच आकडे असले तर टायर २०००च्या आधीचा, पुढे वाचायची गरज नाही. ओळच सापडली नाही तर जुनाच समजा. सहा वर्षांनंतर दरवर्षी जाणत्याला दाखवा, दहा झाली की काढा. ट्यूबही नवी घाला.

'टायर बदलले तर गाडी ओरिजिनल राहत नाही' हेही ऐकावं लागेल. २०२१च्या विंटेज नोंदणीच्या नियमात पन्नास वर्षांवरच्या गाडीत मोठा फेरफार नको म्हटलंय, तो चासी, बॉडी आणि इंजिनाचा. टायरचा नाही. अमेरिकेत तर जुन्या साच्यांतून जुन्या नक्षीचे नवे टायर काढून विकतात, ज्यांना हौस आहे ते मागवतात.

रेडियल टाकता येतील. चारही एकदम टाका, दोन जुन्या पद्धतीचे दोन रेडियल असली काटकसर नको. रिमला बसणारं माप टायरवाल्याकडून खात्री करून घ्या. जुन्या रिमवर ट्यूबलेसच्या नादाला लागू नका.

आता एक सांगायचं राहिलं: शेडमधून अंगणात काढायची, धुवायची आणि परत आत, एवढंच असेल तर राहू द्या जुने. पण काढलेले टायर कोणाला देऊ नका, त्यांची बाजू कापून मगच भंगारात द्या, नाहीतर कोणाच्या तरी ट्रॉलीला लागतील. दादाने त्याचे कापू दिले नाहीत. माळ्यावर ठेवलेत, म्हणतो प्रदर्शनाच्या दिवशी लावू. लाव म्हटलं, फक्त गाडी टेम्पोवर घालून ने.